तक्त्यात नसलेला रकाना

सासऱ्यांचं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गाडीला लागले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. मी शेजारून आणलेली भांडी वेगळी काढत होते. हे दारातच उभे राहिले नि म्हणाले, "एक सांगायचं होतं. मला बाबांसारखं होऊ देऊ नकोस."

मी म्हटलं, "म्हणजे? ते काय माझ्या हातात आहे?"

"तुझ्या हातात काय नाही!" असं म्हणून हसायला गेले, पण हसू काही जमलं नाही. चौतीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलेला माणूस, आणि माझ्यासमोर घाबरून उभा. मला राग आला. माझं असंच आहे, भीती वाटली की आधी राग येतो. "बरं, नाही होऊ देणार," मी म्हटलं, "आता ती परात द्या इकडे."

सासऱ्यांचं डोकं एकदम गेलं नाही, सात वर्षं जात होतं. आधी चष्मा सापडेना, मग घर सापडेना. जेवून उठायचे आणि दहा मिनिटांनी फाटकाशी उभं राहून शेजाऱ्यांना सांगायचे, "बहू खाना नहीं देती." शेजारीण मला येऊन सांगायची तेव्हा तिच्या डोळ्यांत शंका असायची हो! एकदा इथे उज्जैनातच नानाखेड्याच्या बसस्टँडवर सापडले, शाजापूरच्या बसमध्ये खिडकीशी बसलेले. पहिल्या नोकरीवर हजर व्हायला निघाले होते. शेवटची दोन वर्षं तर ह्यांना, आपल्या पोटच्या मुलाला, "मास्टरसाब" म्हणायचे. त्यांचं सगळं मी केलं. उपकार नाही केले, सून होते म्हणून केलं, पण केलं मी. म्हणून 'बाबांसारखं' या एका शब्दात काय काय येतं ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तेव्हा हे बासष्टचे होते. मी अजून शाळेत शिकवत होते, मुलींची सरकारी शाळा, प्राथमिकचे वर्ग. मास्तरणीला शपथ घालणं म्हणजे काय ते ह्यांना कळायला पाहिजे होतं. मी पुठ्ठा आणला, फूटपट्टीने रकाने आखले आणि तक्ता फ्रिजवर चिकटवला. सकाळचं फिरणं. बीपीची गोळी. भिजवलेले अक्रोड. आठ ग्लास पाणी. प्राणायाम. कोडं. दुपारची झोप अर्धा तास, वर नाही. रात्री दहाला दिवा बंद. झालं की बरोबरची खूण, नाही झालं की फुली. दर महिन्याला नवा पुठ्ठा.

कुठून कुठून मी हे गोळा केलं होतं! मासिकांतली कात्रणं, मोबाइलवर येणारे ते शंभर मेसेज, आणि कॉलनीच्या हॉलमध्ये एक डॉक्टर भाषण देऊन गेले होते त्यांनी सांगितलेलं. मी पहिल्या रांगेत बसून वहीत उतरवून घेतलं होतं. म्हातारपणी डोकं ताजं ठेवायचं तर बीपी-साखर आटोक्यात हवी, पाय चालते हवेत, डोक्याला रोज नवीन काम हवं, मीठ कमी, तळलेलं कमी. मग मी सेव बंद केली. ज्याने उज्जैनमध्ये जन्म काढला आहे त्याला विचारा, बिनसेवेचे पोहे म्हणजे काय असतं ते. पहिल्या दिवशी ह्यांनी प्लेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे काय, सुतक अजून संपलं नाही का?"

पण खाल्ले. ऐकायचं म्हणजे ऐकायचं, असा माणूस. रेल्वेत रूलबुक असतं ना, तसं त्यांनी माझ्या तक्त्याला मानलं. साडेपाचला उठून कोठी रोडवर फिरायला. तिथे त्यांची टोळी होती सात-आठ जणांची, बँकेतले, बिजली ऑफिसातले, एक कपड्याचे व्यापारी. फिरणं कमी आणि गप्पा जास्त, मग चहा. "काय भिया," "अरे भिया," असं करत आठला परत. मी म्हणायची, "फिरायला जाता की पंचायत भरवायला?" म्हणजे बघा, जे खरं औषध होतं त्यालाच मी नावं ठेवत होते.

पाच-सहा वर्षं झकास गेली. ह्यांच्या बरोबरीच्या एकाच्या हृदयात जाळी बसली, एकाला लकवा झाला, ह्यांचे रिपोर्ट मात्र स्वच्छ. कोणी घरी आलं की मी तक्ता दाखवायची. कोणी म्हणालं, "भाभीजी, आपने तो भाईसाहब को जवान रखा है," की मी आणखी दोन अक्रोड भिजवायची.

कान जायला लागला तो ह्याच काळात. कधी ते सांगता येत नाही. टीव्हीचा आवाज एक-एक घर वर चढत गेला. फोनवर हे "हां, हां, बराबर" म्हणायला लागले आणि ठेवल्यावर मी विचारलं काय म्हणत होता, तर "काही विशेष नाही." डिझेल इंजिनात आयुष्य गेलेलं. त्या धडधडाटात कान काय शाबूत राहणार? आम्ही सगळे हसायचो. मुलगा पुण्याहून सुटीत आला की म्हणायचा, "बाबांचा सिग्नल डाउन झाला." सगळे हसले की हेही हसायचे, काय झालं ते न कळता. मला तेव्हा ते गोड वाटायचं.

सिग्नलवरून आठवलं. इंजिनात नियम असतो. सिग्नल दिसला की ड्रायव्हरने तो मोठ्याने बोलून सांगायचा, आणि शेजारच्या असिस्टंटने तेच मोठ्याने परत म्हणायचं. दोघांनी बघितलं, दोघांनी ऐकलं, मग गाडी पुढे. एकाने म्हटलं आणि दुसऱ्याने उत्तर दिलं नाही तर काहीतरी बिघडलंय असं समजायचं. ह्यांच्या अंगात ते इतकं मुरलं होतं की स्कूटरवरसुद्धा, फ्रीगंजात टॉवर चौकाला आलो की समोर बघून म्हणायचे, "हरा!" आणि मी मागे बसून म्हणायची, "हरा!" लग्नानंतरची ही आमची मजा. लोक वळून बघायचे तरी मला लाज वाटायची नाही. पुढे मी मुख्याध्यापिका झाले, ओळखीपाळखीचे पालक रस्त्यात भेटायचे, तेव्हा मी उत्तर द्यायचं बंद केलं. हे दोन-तीनदा म्हणायचे, मान जरा मागे करायचे, आणि गाडी पुढे काढायचे. मग तेही म्हणायचं थांबले.

मुलाने मशीनचं काढलं होतं, खोटं कशाला बोलू. सात-आठ वर्षांपूर्वी म्हणाला, "आई, बाबांना कानाचं मशीन लावू या. माझ्या मित्राच्या वडिलांना लावलंय, एकदम बारीक असतं." मी ह्यांच्याजवळ जाऊन ओरडून विचारलं. हे ताडकन म्हणाले, "मला मेडिकलमध्ये आजपर्यंत कोणी फेल केलं नाही." ड्रायव्हर लोकांचं हे दुखणं बाहेरच्याला कळायचं नाही. डोळे, कान, सगळं ठरावीक काळाने तपासतात. तपासणीत नापास झाला की इंजिनावरून उतरवतात आणि कुठेतरी टेबलावर बसवतात. तसा उतरलेला माणूस रेल्वे कॉलनीत मान खाली घालून चालायचा. कानाला मशीन म्हणजे ह्यांच्या लेखी तेच, उतरवलं इंजिनावरून.

ते नाही म्हणाले ते मी समजू शकते. पण मी? मी सुटकेचा नि:श्वास टाकला. नातीच्या बारशाचे फोटो व्हायचे होते, त्यात नवरा कानात यंत्र घालून बसलेला मला नको होता. हेच खरं कारण. वर मुलाला ऐकवलं, "कान गेला तर जाऊ दे, डोकं शाबूत आहे ना? मला डोकं सांभाळायचंय." तक्त्यात कानाचा रकाना नव्हता, मग कान कशाला!

आणि आणखी एक सांगते, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला ते सोयीचं होतं. बहिणीशी फोनवर ह्यांच्याच तक्रारी ह्यांच्याच समोर बसून करता यायच्या. भाजी निवडता निवडता शेजारणीला सांगायची, "ह्यांचं काय विचारता, पालथ्या घड्यावर पाणी," आणि हे समोर पेपर वाचत. कधी मान वर करून विचारायचे, "काय म्हणालीस?" मी हात हलवायची, काही नाही. कोण परत ओरडून सांगणार? तीस वर्षं वर्गात ओरडून माझा घसा बसला होता. आता घरातही तेच? गंमतीची गोष्ट ओरडून सांगितली की तिच्यातली गंमत जाते, आणि दु:खाची ओरडून सांगताच येत नाही. मग उरतं काय? "गोळी घेतली?" "पाणी पिलं?" "दार लावा." एवढंच मी ओरडायची. आमच्या घरात दिवसभर माझा आवाज चालू असायचा, शेजारी साक्षीला आहेत. पण ह्यांच्या वाट्याला त्यातले दहा-बारा शब्द.

मग कोठी रोडची टोळी सुटली. हे साडेपाचला जायचे ते सव्वासहाला परत. मी म्हटलं, "पंचायत बरखास्त झाली वाटतं?" ते खूण करायला तक्त्यापाशी गेले. पुढे मंडईत त्या कपड्याच्या व्यापाऱ्याने मला सांगितलं, "भाभीजी, भाईसाहब अब अकेले घूमते हैं. हम हँसते हैं तो उनको लगता है उन्हीं पे हँस रहे हैं." मी घरी येऊन ह्यांना त्याबद्दल काही विचारलं नाही. फिरणं झालंय ना, खूण आहे ना, मग झालं. उलट मनात म्हटलं, बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला, आता चहातली साखर तरी वाचेल.

हे गप्प होत गेले आणि लोक त्यांना मानायला लागले. लग्नाकार्यात कोपऱ्यात शांत बसलेले असत. बायका मला म्हणत, "काकूऽ, काकांचा चेहरा किती शांत झालाय हो!" एक तर नमस्कार करून गेली. मला अभिमान वाटायचा. माझ्यासारख्या तापट बाईचा नवरा संत! संत कसला, एकांतकोठडीत बसवला होता आम्ही त्याला, नि वर नमस्कार करत होतो.

मागच्या उन्हाळ्यात कपाट आवरायला काढलं. ह्यांच्या सुडोकूच्या पुस्तिकांचा गठ्ठा होता. मुलगा दर सुटीत घेऊन यायचा आणि हे रोज दुपारी एक कोडं सोडवायचे. म्हणजे मी बघायची, पेन चालतंय, भिंग हातात आहे. अर्ध्या तासाने वही मिटायचे आणि मी खूण करायची. रद्दीत टाकायच्या आधी सहज एक पुस्तिका उघडली. सगळी घरं भरलेली, सुबक अक्षरात. पहिल्या ओळीत एक दोन तीन चार, पार नऊपर्यंत. दुसऱ्या ओळीत एक दोन तीन चार. तिसऱ्या ओळीतही तेच. छापलेल्या आकड्यांवरूनसुद्धा पेन फिरवलेलं. मी पान उलटलं, तसंच. पुढचं, तसंच. दुसरी पुस्तिका काढली. जिथे खरं कोडं सुटलेलं होतं ते पान शोधत मागे मागे गेले तर दीड वर्ष मागे जावं लागलं.

मी तशीच बसून राहिले खाली फरशीवर. दीड वर्ष मी रोज खूण केली होती, एकदाही वाकून बघितलं नव्हतं. हे आतून आले, माझ्या हातात पुस्तिका बघितली, आणि चोरी पकडल्यासारखे ओशाळे झाले. म्हणाले, "सगळी भरली आहेत. एकही सोडलं नाही."

मी त्यांच्यावर ओरडले. देवा, मी ओरडले! "हे असं करतात का? मला फसवता? मी तुमच्यासाठी जीव काढते आणि तुम्ही मला फसवता?" मला आज वाटतं, जीभ झडली असती तर बरं. ते खाली बघत उभे राहिले. ऐकू किती गेलं कोण जाणे, पण तोंड दिसत होतं ना माझं.

त्यानंतर आठ दिवसांतच एका सकाळी ते कोठी रोडवरून परत आले नाहीत. सिंहस्थाच्या तयारीला जिकडे तिकडे रस्ते खोदून ठेवले आहेत, नेहमीचं वळण पत्रे लावून बंद केलेलं. एवढ्यानेच त्यांचा नकाशा पुसला. आमचा दूधवाला त्यांना देवास रोडवर सरळ चालताना बघून मोटरसायकलवर घेऊन आला. "माताराम, बाबूजी बोल ही नहीं रहे थे, बस चल रहे थे," म्हणाला. साडेदहा वाजले होते. पाय सोलून निघाले होते. मी पाय धुतले, हळद लावली, आणि ते माझ्याकडे असे बघत होते जसं आपण दवाखान्यातल्या नर्सकडे बघतो, उपकार झाल्यासारखं.

मुलगा आला, आम्ही इंदूरला डॉक्टरांकडे गेलो. चित्रं काढायला लावली, घड्याळ काढायला लावलं, डोक्याचा फोटो काढला. मी तक्ते घेऊन गेले होते, तेरा वर्षांचे, दोरीने बांधून. मला वाटलं डॉक्टरांना दाखवावं की बघा, मी काही कमी केलेलं नाही. तरुण होता डॉक्टर, पण त्याने खरंच दोरी सोडून बघितले. म्हणाला, "हे फार चांगलं केलंत आई. बीपी, साखर, चालणं, झोप, सगळं बरोबर. याने यांची वर्षं नक्की वाढली असतील." मग विचारलं, "कान कधीपासून?"

मी म्हटलं, "होतील नऊ-दहा वर्षं."

"मशीन?"

"नाही लावलं."

त्याने तक्त्यांची दोरी परत बांधली. मग म्हणाला, "दिवसभरात बोलतात कोणाशी?"

"मी आहे ना घरात!" मी जोरात म्हटलं. मुलाने माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली.

डॉक्टर म्हणाला, कान बंद झाले की माणूस माणसांतून उठतो, आणि डोक्याला जे सगळ्यात मोठं काम असतं तेच बंद पडतं. समोरच्याचं ऐकायचं, समजायचं, उत्तर जुळवायचं, याच्यासमोर कोडी-बिडी काहीच नाहीत. "याच्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला, "वडिलांनाही होतं. कदाचित झालंच असतं. पण हे करायला हवं होतं, आणि आधी करायला हवं होतं." मला त्याचा असा संताप आला! काल आलेला पोरगा, मला शिकवतो! बाहेर येऊन मुलाला म्हटलं, "याला काय कळतं? दुसरा डॉक्टर बघ." मुलगा म्हणाला, "आई, बस झालं." उज्जैन येईपर्यंत गाडीत हे मागच्या सीटवर माझ्या शेजारी खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांचा हात धरला तर त्यांनी तो सभ्यपणे सोडवून मांडीवर ठेवला.

वरातीमागून घोडं म्हणतात तसं, मग फ्रीगंजातून मशीन घेतलं. दुकानातल्या मुलीने कानात बसवलं, बटण दाबलं, आणि हे दचकले. वर पंख्याकडे बघितलं. पंखा वाजतो हे ते विसरूनच गेले होते. बाहेर रिक्षावाला कोणाला तरी शिव्या देत होता ते ऐकून फसकन हसले. मला रडू आलं, दुकानातच. त्या मुलीने मला खुर्ची दिली आणि सांगितलं, "आंटी, आता रोज एक तास यांच्यासमोर बसायचं आणि बोलायचं. तोंड दिसेल असं, हळू, ओरडायचं नाही. टीव्ही नाही, रेडिओ नाही, तुम्ही बोलायचं."

दुसऱ्या दिवसापासून चार वाजता मी समोर खुर्ची टाकून बसायला लागले. पहिल्या दिवशी सांगते काय झालं. तोंड उघडलं आणि शब्द सुचेना. मला! जिला शेजारीपाजारी रेडिओ म्हणतात! गोळी घेतली का, पाणी पिलं का, हे दोन प्रश्न झाल्यावर माझ्याकडे नवऱ्याशी बोलायला काही नव्हतंच. घामच फुटला. मग पेपर वाचून दाखवला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सापडलं. रेल्वे क्वार्टरमधला आमचा पहिला संसार सांगितला, एका स्टोव्हवर केलेला. माझी पहिली पुरणपोळी शेजारच्या मालवी काकूंनी 'मीठी रोटी अच्छी है' म्हणून भाजीबरोबर खाल्ली होती, ते सांगितलं. मुलगा झाला तेव्हा हे नागद्याला गाडी घेऊन गेलेले आणि पेढे त्यांच्या असिस्टंटने स्टेशनभर वाटले, ते सांगितलं. हे ऐकत. नुसते ऐकत नसत, मध्ये "मग?" म्हणत, हसत, एकदा तर मांडीवर थाप मारली. किती वर्षांनी मी ह्यांचं हसणं बघितलं, खरं हसणं, कारण कळून हसलेलं. मला चार वाजायची घाई व्हायला लागली. साडी बदलून बसायला लागले, हसू नका. मुलाला फोनवर सांगितलं, "बाबा सुधारतायत रे. डॉक्टरला म्हणावं बघ येऊन."

वीसेक दिवस झाले असतील. सासूबाईंची एक गोष्ट सांगून मी थांबले होते. हे पुढे वाकले आणि म्हणाले, "ताई, एक विचारू का?"

मी मागे वळून बघितलं, कोणी आलंय का. कोणी नव्हतं.

"तुम्ही रोज येता, इतकं बोलता, फार बरं वाटतं," ते म्हणाले. "आमच्या घरी बोलायला कोणी नाही."

मी विचारलं, "का? मंडळी नाहीत?"

"आहे ना! फार कामाची आहे. सगळं टाइमावर. माझ्या बाबांचं शेवटपर्यंत तिनेच केलं." मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "पण माझ्याशी बोलत नाही. पुष्कळ वर्षं झाली. माझं काहीतरी चुकलंय, रागावली आहे ती. पण काय चुकलं तेच मला कळत नाही. तुम्ही बायका-बायका आहात, जरा विचारून बघाल का तिला?"

"विचारते," मी म्हटलं. उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि नळ मोठा सोडून उभी राहिले, कारण आता त्यांना सगळं ऐकू येत होतं.

वाटलं, विसरतील. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, मुलाचं नाव दोन दोन दिवस सापडत नाही. पण दुसऱ्या दिवशी चारला मी खुर्ची टाकली आणि ह्यांनी पहिलं तेच विचारलं, "विचारलंत?"

"विचारलं," मी म्हटलं. "म्हणाली, तुमचं काहीच चुकलेलं नाही."

बराच वेळ ते विचार करत राहिले. कपाळाला आठ्या घालून, माझं एकेक अक्षर नीट ऐकलंय असं.

"मग बोलत का नाही?"